बॅटरीचा कंटेनर आणि जहाजावरची आपली पोरं

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वीज साठवायच्या मोठ्या बॅटऱ्या परदेशातून मागवल्या, तर भरलेला एकेक कंटेनर ३० टनांपुढे जाईल. समुद्री नियमांत लिथियम बॅटरी म्हणजे वर्ग ९ चा धोकादायक माल. एक सेल तापला की शेजारचा पेटतो, विझलेली आग पुन्हा भडकते. भर समुद्रात बंब कुठून येणार?

९ जून २०२५ ला कोलंबोहून न्हावा-शेवाकडे येणारं 'वान हाय ५०३' केरळजवळ पेटलं. त्यावर इतर ज्वलनशील, विषारी माल होता. २२ पैकी १८ खलाशी वाचले, चौघे बेपत्ता झाले.

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतली पोरं जहाजावर आहेत. भाडं वाचवायला कुणी कागदावर माल लपवला, तर आगीशी आधी तीच भिडणार. म्हणून आम्ही म्हणतो, कारखानदारांनी दर विचारण्याआधी धोकादायक मालाचा दाखला मागावा.