यंत्र आपले, मग नोंदी कोणाच्या?

नागपूरला समुद्र नाही. तरीही आज आम्ही समुद्रावरील एका यंत्राविषयी लिहीत आहोत, कारण त्यातला सवाल इतवारी-मोमिनपुऱ्यातील कारागिरालाही तितकाच लागू आहे.

कोकणातील यांत्रिक नौकांवर आता जीपीएस असते. मासळी कोठे मिळाली, खडप कोठे आहे, जाळे कोठे फाटते, हे सारे तांडेल त्यात नोंदवून ठेवतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था संभाव्य मासळीच्या क्षेत्रांचे अक्षांश-रेखांश कळवते, तेही त्यात भरले जातात. वर्षानुवर्षांच्या या नोंदी म्हणजे त्याचे भांडवलच.

अडचण येते ती यंत्र बदलताना. लॉरन्स कंपनीचे यंत्र आपल्या नोंदी यूएसआर फाइलमध्ये ठेवते, तर गार्मिनचे एडीएममध्ये. एकाची फाइल दुसऱ्याला थेट वाचता येत नाही. नकाशांच्या कार्डांचेही तेच. 2017 साली गार्मिनने नकाशे करणारी नॅव्हिऑनिक्स ही कंपनी विकत घेतली. 2021 साली लॉरन्सचा मालक असलेला नॅव्हिको समूह ब्रन्सविककडे गेला. सौदे वर होतात आणि उद्या कोणते कार्ड कोणत्या यंत्रात चालेल, याची काळजी खाली ग्राहकाला लागते.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. नकाशे तयार करण्यास खर्च येतो आणि नक्कल करणारे टपलेलेच असतात. म्हणून कुलूप लावणे आम्ही गैर मानत नाही. जहाजांसाठीच्या अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशांनाही एस-63 पद्धतीचे कुलूप असते. परंतु त्या नकाशांची एस-57 ही मांडणी जाहीर आहे आणि अनेक देश तीच वापरतात. 1983 साली आलेल्या एनएमईए 0183 या मानकामुळे एका कंपनीचे जीपीएस दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू शकते. म्हणजे माल सांभाळूनही भाषा एक ठेवता येते. आमची तक्रार कुलपाबद्दल नाही. ग्राहकाने स्वतः जमवलेल्या नोंदीही त्याच कुलपात जातात, तक्रार त्याबद्दल आहे.

आता आपल्या धंद्याकडे पाहू. संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या यंत्रांत ताजिमाची डीएसटी फाइल जवळपास सर्वत्र चालते. पण तिच्यात फक्त टाके असतात. धाग्याचे खरे रंग त्यात नसतात आणि नक्षी फार मोठी केली तर काम बिघडते. सुधारता येण्याजोगे मूळ डिझाइन विल्कॉमवर केले असेल, तर ते ईएमबी फाइलमध्ये राहते. डिझाइनचे पूर्ण पैसे मोजून केवळ डीएसटी घेणाऱ्याच्या हाती अर्धाच माल येतो. उर्दू छपाईवाल्यांना तर इनपेजच्या जुन्या फायलींचा अनुभव आहेच.

यंत्र किंवा सॉफ्टवेअर घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्या नोंदी बाहेर काढता येतात का? दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात त्या चालतील का? कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर काय? उत्तर शक्यतो बिलावर लिहून घ्यावे. जीपीएसवाल्याने नोंदींची प्रत जीपीएक्स या खुल्या मांडणीत काढून ठेवावी. भरतकामवाल्याने डीएसटीसोबत मूळ फाइल आणि रंगांची यादी मागावी. सौदा ठरण्यापूर्वी मागितले तर मिळते. पैसे दिल्यावर मागितले तर त्याची वेगळी किंमत सांगितली जाते.

यंत्र पाच-दहा वर्षांत जुने होते. हुनर आणि अनुभव मात्र बापाकडून मुलाकडे जातात. ते एखाद्या कंपनीच्या फाइलमध्ये अडकून पडले, तर पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. हे नुकसान कोणत्याही खातेवहीत दिसत नाही, म्हणूनच त्याची काळजी आधी घ्यायला हवी.