वेणा लागलेल्या बाईजवळ कोण बसणार?

गाय व्यायला झाली म्हणजे आमचा शेतकरी रात्रभर गोठ्यांत दिवा लावून जागा बसतो. तिच्या पाठीवरून हात फिरवितो, तिला पाणी दाखवितो, घरांतील पोरांस दटावून गप्प करतो, आणि वासरूं उभें राहून आंचळाला लागेपर्यंत तेथून हालत नाहीं. हें त्याला कोणीं शिकविलेलें नाहीं. मुक्या जीवाला अशा वेळीं एकटें टाकूं नये, एवढें त्याचें मनच त्याला सांगतें. आतां याच शेतकऱ्याची बायको अगर लेक बाळंत व्हावयाची असली म्हणजे काय होतें तें पहा. तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर नवरा तंबाखू मळीत बसलेला असतो. आई पायरीवर बसून बंद दाराकडे टक लावून असते. आणि आंत एकोणीस वीस वर्षांची ती पोर परक्या खाटेवर, परक्या माणसांत, एकटी वेणा देत असते! गोठ्यांतल्या गाईला जी सोबत मिळते ती माणसाच्या लेकीला मिळूं नये, हा कोठला न्याय?

आम्ही खेड्यांत पोरांस शिकविणारे मास्तर. डॉक्टरी हा आमचा धंदा नव्हे, आणि नर्सबाईंस त्यांचें काम शिकविण्याचा आमचा हेतुही नाहीं. परंतु ज्या मुलींस आम्हीं बाराखडी गिरवावयास लाविली, त्याच मुली पुढें दहाबारा वर्षांत पोटुशा होऊन आमच्याच शाळेपुढून दवाखान्याच्या गाडींत बसून जातात. आपल्या देहांत काय होणार आहे, तें किती वेळ चालणार आहे, आणि त्या वेळीं आपल्याजवळ कोण असणार आहे, हें त्यांपैकीं कितीजणींस कोणीं समजावून सांगितलेलें असतें? म्हणून हा विषय बायकांचा असें म्हणून पुरुषांनीं, आणि दवाखान्याचा असें म्हणून गांवकऱ्यांनीं अंग काढून घेऊं नये, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतों. बाळंतपण दवाखान्यांतच झालें पाहिजे. 'आमच्या आज्या शेताच्या बांधावर बाळंत झाल्या' असें मिशीला पीळ देऊन सांगणाऱ्यास आमचा उलट सवाल आहे कीं, त्या बांधावर किती आज्या मेल्या तेंही सांगा! मळक्या विळ्यानें नाळ कापल्यामुळें धनुर्वात होऊन गेलेल्या बाळांची गणती कोणीं ठेविली? लस टोचल्यामुळें व बाळंतपणें दवाखान्यांत होऊं लागल्यामुळें माता व नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें आपल्या देशांतून निर्मूलन झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें, हा कांहीं लहान विजय नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत १०० पैकीं सुमारें ९५ बाळंतपणें दवाखान्यांत झालीं. हें फार चांगलें झालें. परंतु घर सोडून दवाखान्यांत येतांना एक वस्तु मागेंच राहिली, आणि ती आणावयास कोणी परत गेलें नाहीं. ती वस्तु म्हणजे सोबत.

जुन्या सुइणीचीं कामें दोन होतीं. एक, मूल झेलण्याचें व नाळ कापण्याचें. दुसरें, पहिल्या कळेपासून शेवटपर्यंत बाईजवळ बसण्याचें: कंबर चोळणें, घाम पुसणें, 'आतां थोडकें राहिलें गं बाई' असें म्हणून धीर देणें. पहिलें काम डॉक्टर व नर्स यांजकडे गेलें तें योग्यच झालें. दुसरें काम कोणाकडेच गेलें नाहीं. आणि ही सुईण होती कोण? पुष्कळ गांवीं ती मांगवाड्यांतून अगर महारवाड्यांतून बोलावून आणलेली बाई असे. वेणा चालू असतां तिचा हात सोंवळ्यांतल्या सोंवळ्या घरालाही चाले. मूल रडलें कीं तोच हात विटाळाचा होई, आणि पसाभर जोंधळे व जुनें लुगडें देऊन तिला मागल्या दारानें वाटेस लावीत. जिनें दुसऱ्यांचीं लेंकरें झेललीं तिच्या स्वतःच्या बाळंतपणाला छप्परही नसे. हें आम्ही पदरचें सांगत नाहीं. जोतीराव फुल्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांगाच्या मुलीनें १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत निबंध लिहून, आपल्या लोकांच्या बायका बाळंत होतात तेव्हां त्यांच्या घरावर छप्परसुद्धां नसतें आणि थंडीपावसानें त्यांचे हाल होतात, हें जगापुढें मांडलें. पुढें १८६३ सालीं त्याच फुले दांपत्यानें पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, स्वतःच्या जातीनें टाकलेल्या गरोदर विधवांच्या बाळंतपणांची सोय केली. सावित्रीबाईंनीं त्यांची शुश्रूषा केली, आणि त्यांतीलच एका ब्राह्मण विधवेचें मूल या दांपत्यानें आपलें म्हणून वाढविलें. अडलेल्या बाईजवळ बसणें हें हलकें काम नव्हे, हा धडा महाराष्ट्राला दीडशें वर्षांपूर्वींच घालून दिलेला आहे. समाजानें तो गिरविला नाहीं इतकेंच.

आतां मौज पहा. हेंच काम समुद्रापलीकडून 'डूला' असें नांव घेऊन परत आलें आहे. डूला हा ग्रीक शब्द; त्याचा मूळ अर्थ दासी. अमेरिकेंतील डेना राफेल या विदुषीनें १९७३ सालच्या आपल्या पुस्तकांत तो बाळंतिणीच्या सोबतिणीस लाविला. पुढें ग्वाटेमाला देशांतील एका दवाखान्यांत डॉक्टरांनीं एक प्रयोग केला. तो १९८० सालीं प्रसिद्ध झाला. वेणा देणाऱ्या कांहीं बायांजवळ एकेक साधी बाई बसविली. ती ओळखीची नव्हती, तिला वैद्यकीय शिक्षणही नव्हतें. तिनें हात धरावा, पाठ चोळावी, बोलत रहावें, एवढेंच तिचें काम. प्रयोग लहान होता, पण निकाल डोळे उघडणारा होता. ज्यांचें बाळंतपण सरळ झालें त्यांत, सोबत असलेल्या बायांस दाखल झाल्यापासून सरासरी सुमारें ९ तास लागले, आणि एकट्या बायांस १९ तासांहून अधिक! पुढें मोठमोठे प्रयोग झाले; त्यांत वेळेचा फरक इतका मोठा आढळला नाहीं, परंतु फायदा मात्र टिकला. १७ देशांतील २६ प्रयोग व १५,००० हून अधिक बाया यांचा २०१७ सालीं एकत्र आढावा घेतला, तेव्हां असें दिसलें कीं, सतत सोबत मिळालेल्या बाया नैसर्गिक रीतीनें अधिक बाळंत होतात, सिझेरियनचे प्रसंग कमी येतात, वेणांचा काळ थोडा घटतो, आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरीं जाणाऱ्या बाया कमी असतात. नुकसान कांहींच आढळलें नाहीं. औषध नाहीं, यंत्र नाहीं. नुसता एका माणसाचा हात!

मुंबईपुण्याच्या पैसेवाल्या घरांतून आतां फी मोजून डूला ठेवितात. ठेवोत; त्या बायांनाही वेणा असतात. पण आमची दासी ती विटाळाची सुईण, आणि ग्रीकांची दासी ती मानाची पाहुणी, हा भेद कोणत्या शास्त्रांतला? आणि फी मोजण्याची ऐपत नसलेल्या कुणब्याच्या, मजुराच्या, ऊस तोडणाऱ्याच्या बायकोनें काय करावें?

तिनें आपला हक्क मागावा! कारण ही सोबत सरकारनें तिला केव्हांच देऊन टाकलेली आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें फेब्रुवारी २०१६ मध्यें असें ठरविलें कीं, सरकारी दवाखान्यांत वेणांच्या वेळीं बाईजवळ एक सोबतीण राहूं द्यावी. तामिळनाडूनें तर हें २००४ पासूनच सुरू केलें होतें. डिसेंबर २०१७ मध्यें निघालेल्या 'लक्ष्य' योजनेंतही सोबतिणीची गोष्ट आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं बाईच्या स्वतःच्या पसंतीचें माणूस तिच्याजवळ असावें असें सांगितलें. केंद्र सरकारच्या अटीही कांहीं जगावेगळ्या नाहींत. सोबतीण नात्यांतली बाई असावी, शक्यतों स्वतः बाळंतपण सोसलेली असावी. तिला सांसर्गिक रोग नसावा. कपडे स्वच्छ असावेत. तिनें शेवटपर्यंत बाईजवळ रहावें, उपचारांत हात घालूं नये, व खोलींतील दुसऱ्या बायांकडे जाऊं नये. जेथें आडपडद्याची सोय आहे तेथें नवऱ्यासही येऊं देण्यास हरकत नाहीं. एवढें असतां, आमच्या माहितीच्या एका दवाखान्यांत मुलीच्या आईला दंडाला धरून बाहेर काढतात, आणि आंत मुलगी ओरडली कीं तिला घालून पाडून बोलतात. हुकूम कपाटांत आणि आई पायरीवर, असा हा कारभार!

याचें कारण विचारलें तर सांगतात कीं, गर्दी होते. अहो, एका बाईमागें एक बाई, ही गर्दी कशी? दुसरें सांगतात कीं, घाण येते. मग तिला हातपाय धुवावयास सांगा, स्वच्छ झगा द्या. दार लावून घेणें हा काय स्वच्छतेचा उपाय झाला? तिसरें म्हणजे दुसऱ्या बायांची लाज राखली पाहिजे. खरें आहे, तर मग दोन खाटांमध्यें पडदा लावा. कापडाच्या पडद्याचें काम माणसाला बाहेर काढून कां करतां? नर्सबाईंची अडचण आम्हांस ठाऊक आहे. तीन तीन खाटांमागें एकटी बाई रात्रभर धांवते. तिनें कोणाकोणाची कंबर चोळावी? परंतु याच कारणासाठीं सोबतीण ही तिची वैरीण नसून मदतनीस आहे. पाणी देणें, चालतें ठेवणें, धीर देणें हें काम जिच्या आईनें हौसेनें करावें, तिला बाहेर बसवून नर्सबाई आपलेंच ओझें वाढविते.

दवाखान्याला दोष देऊन घरचे लोक मात्र सुटत नाहींत. सातव्या महिन्यांत ओटी भरावी, जेवणावळ घालावी, फोटो काढावे, यांत हजारों रुपये जातात. शिकलेल्या घरांत तर आतां गर्भसंस्काराचें खूळ आलें आहे: पोटांतील बाळाला मंत्र ऐकवा म्हणजे तें बुद्धिमान निपजतें! बाळाच्या कानांत संस्कृत ओतणाऱ्यांनीं बाळाच्या आईच्या कानांत 'कळा अशा येतील, भिऊं नकोस' हीं चार मराठी वाक्यें घातलीं काय? त्याहून कहर म्हणजे पंचांग उघडून मुहूर्त काढावयाचा व त्या घटकेला पोट कापून मूल बाहेर काढावयाचें. सिझेरियननें अडलेल्या बायांचे जीव वांचतात. गरज असेल तेथें त्याला नाहीं म्हणणारा मूर्ख होय. परंतु चांगलीं धडधाकट बाळें भटजीच्या बोटांवर दिवसांआधीं ओढून काढलीं, तर त्यांस श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. त्याच २०१९-२१ च्या पाहणींत, देशांतील खासगी दवाखान्यांत १०० पैकीं ४७ बाळंतपणें सिझेरियननें झालीं, आणि सरकारी दवाखान्यांत १४. बाईच्या कमरेचीं हाडें दवाखान्यावरील पाटी पाहून बदलतात काय?

खरी तयारी निराळी आहे, आणि तिला दक्षणा लागत नाहीं. पहिलटकरणीच्या वेणा पुष्कळ तास चालतात. प्रथम थांबून थांबून येतात, मग जोर धरतात, हें तिला आधीं कळलें म्हणजे अर्धें भय तेथेंच जातें. सर्व ठीक असेल तर वेणांत चालावें फिरावें, पाणी प्यावें, हलकें खावें. सारखें उताणें पडून राहण्याची सक्ती नाहीं. कळ आली कीं श्वास सावकाश सोडावा. वरून पोट दाबणें आणि प्रत्येकीला सरसकट टांका घालावा लागेल असें कापणें, या दोन्ही गोष्टींस जागतिक आरोग्य संघटनेनें नको म्हटलें आहे. आणि रक्त जाणें, डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी येणें, झटके, ताप, पाणी फुटणें, बाळाची हालचाल कमी वाटणें, यांपैकीं कांहींही झालें तर कोणाची वाट न पाहतां १०८ ची गाडी बोलवावी. हें जितकें बाईला कळावें तितकेंच नवऱ्याला कळावें. कारण गाडी बोलवावयाची तेव्हां शुद्धीवर तोच असावयाचा!

तेव्हां शेतकरी बंधूंनो, काय करावें तें सांगतों. गांवच्या शाळेची खोली रविवारीं मोकळीच असते. आशाताईंस व उपकेंद्राच्या नर्सबाईंस बोलावून तेथें गरोदर बायांचा व त्यांच्या नवऱ्यांचा वर्ग भरवा. सोबतीण कोण, हें सातव्या महिन्यांतच ठरवा. आई असो, सासूबाई असो, जाऊ असो. जिच्या तोंडांत धीराचा शब्द आहे ती निवडा, 'मुलगा कीं मुलगी' एवढेंच विचारणारी नको. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते; त्या दिवशीं या सोबतिणीलाही बरोबर न्या, बाळंतपणाची खोली तिला दाखवा, आणि डॉक्टरसाहेबांस विचारून ठेवा कीं, २०१६ च्या हुकुमाप्रमाणें ही आंत राहणार ना? 'नाहीं' म्हणाले तर नकार कागदावर मागा. ग्रामसभेंत ठराव करून तो तालुक्याला पाठवा. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितींत आपले प्रतिनिधि बसतात. त्यांस मतें देतांना रस्त्याबरोबर या पडद्याचाही हिशेब विचारा. आणि ज्या गांवीं जुन्या सुइणीच्या घरची शहाणी बाई असेल, तिला या वर्गांत मानानें पुढें बसवा. नाळ कापावयास नव्हे, तर बाईजवळ कसें बसावें हें सांगावयास; आणि तिच्या वेळेचा मोबदला रोख द्या, जुनें लुगडें नको.

ही मागणी मोठी नाहीं. नवी इमारत नको, नवें यंत्र नको, नवा कायदाही नको. एक दार, आणि त्या दारांतून आंत जाणारी एक बाई, एवढेंच हवें. तें दार उघडण्याचा हुकूम झालेला आहे. आतां तें ठोठावण्याचें काम तुमचें आमचें आहे.