शपथ नको, उपचार करा

आज पिकाचं सोडून थोडं वेगळं लिहितो.

कांद्याचे पैसे हातात आले की कोण किती प्यायला याची गावात चर्चा होते. त्याची सुटणार कशी, यावर कोणी बोलत नाही. आपले उपाय ठरलेले. वणीच्या गडावर नेऊन शपथ घालायची, नाहीतर खोलीत कोंडायचं. श्रद्धा असू द्या. पण रोज लागणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते, कधी जीवही जातो. लोक म्हणतात बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नसतं, दारू तुटल्याचा त्रास असतो तो. त्याला दवाखानाच लागतो. आणि जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरी तर आणूच नका. दारू सोडवायचं औषध पोटात असताना वरून दारू गेली तर माणूस दगावू शकतो. औषध डॉक्टरला विचारून आणि त्या माणसाला सांगूनच द्यायचं.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडेंनी त्याला पैशाची मदत केली. तिथला उपचार ३५ दिवसांचा. अंगातली दारू आठवड्याभरात उतरते, बाकीचे दिवस डोक्यातली उतरवायला लागतात. समुपदेशन, गटात बसून बोलणं, घरच्यांशीही बोलणं. घरी आल्यावर पुढंही संपर्क ठेवावा लागतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा नाशकातही होतात. तिथं फी नाही, फक्त आजच्या दिवशी प्यायची नाही एवढंच ठरवायचं.

आता आपलं काम. डावणी एका फवारणीत जाते का? हवा ढगाळ झाली की परत दिसते, म्हणून कोणी बाग उपटत नाही. मग उपचार घेतलेला माणूस एकदा घसरला की 'पैसे पाण्यात गेले' कशाला म्हणायचं? पुन्हा न्यायचं.

खरं तर बऱ्याचदा त्याला घसरवतो आपणच. हळदीला, पार्टीला 'एका घोटानं काय होतंय' म्हणणारा दोस्त दारूपेक्षा वाईट. सोडून आलेल्याला बेवडा म्हणून हाक मारू नका. कामाला बोलवा, चहा पाजा. त्याच्या बायकोलाही दोष देऊ नका, तिनं आधीच लई सोसलेलं असतं.

घरात कोणी असेल तर १४४४६ या सरकारी मोफत नंबरवर विचारा. लाजू नका, आजारच आहे तो. पटलं तर पुढं पाठवा.