समुद्राच्या आधी नाला

समुद्रकिनारे स्वच्छ करण्याच्या मोहिमा निघतात, छायाचित्रे छापून येतात. त्यात वावगे काही नाही. पण समुद्रात प्लॅस्टिक येते कोठून, हा प्रश्न आपण विचारतो काय?

मुंबईची मिठी नदीच घ्या. विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत तिची लांबी जेमतेम १८ किलोमीटर. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, नद्यांवाटे समुद्रात जाणारे ८० टक्के प्लॅस्टिक हजाराहून अधिक नद्या वाहून नेतात, आणि त्यांत शहरांतल्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. तेव्हा केवळ महानद्यांकडे बोट दाखवून भागणार नाही.

"झोपडपट्टीवाले घाण करतात," असे म्हणून सुशिक्षित माणसे मोकळी होतात. मी नाल्याकाठच्या वस्तीतच वाढलो. गल्लीत घंटागाडी शिरत नाही, कचराकुंडी लांब. मग कचरा जाणार कोठे? बाटली भंगारवाला घेतो, कारण तिला भाव आहे. शाम्पूच्या रिकाम्या पुडीला कोण विचारतो? ती नाल्यात पडते आणि पहिल्या पावसाबरोबर खाडीला लागते.

नदीच्या मुखाशी जाळी लावणे हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे अरुंद गल्लीत रोज येणारी हातगाडी. दुसरा, पुडी विकणाऱ्यानेच ती परत गोळा करणे. २०१६ च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकलीच आहे. ती आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली पाहिजे.

मित्रहो, समुद्र सर्वांचा आणि नाला मात्र काठावरच्यांचा, ही वाटणी न्याय्य आहे काय?