बाबांचा टीव्ही, माझा बॉक्स

मागच्या महिन्यात शुक्रवारची सुट्टी टाकून सांगलीला घरी गेलो होतो. पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते. आमच्या घरात सात वाजता टीव्ही बंद असणं म्हणजे एक तर लाईट गेलेत नाहीतर कुणीतरी आजारी आहे. सातच्या बातम्या म्हणजे बाबांची संध्याकाळची पूजाच. पण त्या दिवशी टीव्ही बंद होता आणि बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून सकाळचाच पेपर परत वाचत बसले होते.

"टीव्ही बिघडला का हो?"

"छे, चांगला आहे की. बघावंसं वाटत नाही आता एवढं."

मला वाटलं वय झालं, डोळ्यांना त्रास होत असेल. रात्री जेवणं झाल्यावर ओटा पुसता पुसता आईने खरं काय ते सांगितलं. "अरे, त्यांना तो तुझा डबा जमत नाही. आणि सारखं सारखं तुला फोन करून विचारायला कसंतरी वाटतं त्यांना."

तो डबा मी दिवाळीत बसवला होता. स्ट्रीमिंग बॉक्स. टीव्हीच्या मागे एचडीएमआयमध्ये खोचायचा, वायफाय जोडायचं, की सगळं इंटरनेट पडद्यावर. बसवला त्याच दिवशी केबलवाल्याला फोन करून कनेक्शन बंद करून टाकलं. महिन्याचे साडेतीनशे वाचले, वर सिनेमे, नाटकं, मॅच, भजनं, जे पाहिजे ते हवं तेव्हा. भारी काम केलं म्हणून स्वतःवरच खूष होतो. बाबांना पंधरा मिनिटांत सगळं दाखवलं. "कळलं ना?" "हो हो, कळलं." आता खरं तर हे "हो हो, कळलं" मी ओळखायला हवं होतं. हापिसात नॉलेज ट्रान्सफरच्या शेवटी समोरची टीम अगदी याच सुरात हे म्हणते, आणि सोमवारी त्यांचा पहिला फोन येतो. फरक एवढाच की बाबांचा फोन आला नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझे बाबा 'टेक्नॉलॉजी न जमणारे' वगैरे अजिबात नाहीत. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली त्यांनी. बसचा गिअरबॉक्स उघडून परत बसवणारा माणूस. घरातला मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांचा रेडिओ, सगळं तेच दुरुस्त करायचे. त्यामुळे 'या वयात नवीन शिकायला जड जातं' हे आपलं नेहमीचं वाक्य मला इथे लावताच येईना.

म्हणून रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी त्यांच्या हातात रिमोट दिला आणि म्हटलं, "बाबा, बातम्या लावून दाखवा. मी काही बोलणार नाही." आणि खरंच गप्प बसलो. (सोपं नव्हतं!)

टीव्हीच्या रिमोटने टीव्ही चालू केला. पडद्यावर 'नो सिग्नल'. सोर्सचं बटण शोधलं. तीन एचडीएमआयपैकी बरोबर असलेला निवडला. मग तो रिमोट ठेवून बॉक्सचा रिमोट घेतला. 'कोण बघतंय?' म्हणून चार गोल आले. माझा, बायकोचा, मुलांचा आणि एक रिकामा. बाबांचं नाव कुठेच नव्हतं, कारण दिवाळीत मी ते टाकलंच नव्हतं. ते थोडा वेळ थांबले आणि माझ्या गोलावर गेले. लगेच कुठल्यातरी वेबसिरीजचा ट्रेलर आपोआप सुरू झाला, बंदुका, आरडाओरडा. त्यांनी घाईने मागे जायचं बटण दाबलं, ते परत चार गोलांवर. पुन्हा आत. ट्रेलर टाळून खाली, मग उजवीकडे, बातम्यांचं ॲप. ॲप म्हणालं अपडेट करा. अपडेट झाल्यावर म्हणालं परत लॉगिन करा, हा कोड मोबाईलवर टाका.

मी मोजत होतो. अकरा पायऱ्या, आणि तरीही बातम्या नाहीत. केबलवर दोन पायऱ्या होत्या: टीव्ही चालू करा, चॅनलचा नंबर दाबा. नंबर त्यांना पाठ होते, अंधारातही लावायचे.

आता मी या धंद्यातला माणूस आहे, त्यामुळे या पायऱ्यांकडे बघताना मला वेगळंच दिसत होतं. यातल्या बहुतेक पायऱ्या बाबांना बातम्यांपर्यंत नेण्यासाठी नाहीतच. 'कोण बघतंय?' हा प्रश्न शिफारशी चालाव्यात आणि कोण काय बघतं त्याची नोंद वेगळी राहावी म्हणून. ट्रेलर आहे तो ती जागा कुणाला तरी हवी असते म्हणून. ओळीत पहिलं ॲप कुठलं, रिमोटवर कुणाच्या नावाचं बटण, हेही सहसा बघणाऱ्याच्या सोयीने ठरत नाही, करारांनी ठरतं. नेटफ्लिक्सने रिमोटवर आपल्या नावाचं बटण आणण्याची घोषणा २०११ सालीच केली होती. बघणाऱ्यांनी मोर्चा काढून ते मागितलेलं नव्हतं.

अमेरिकेतल्या रोकू कंपनीचं उदाहरण घ्या. २००८ साली त्यांचा पहिला बॉक्स आला तेव्हा किंमत होती शंभर डॉलर आणि तो एकच गोष्ट करायचा: नेटफ्लिक्स दाखवायचा. यंत्राचे पैसे दिले, यंत्र मिळालं, हिशोब संपला. त्याच कंपनीचे २०२३ चे आकडे बघा. एकूण उत्पन्न सुमारे साडेतीन अब्ज डॉलर, त्यातले जवळजवळ तीन अब्ज 'प्लॅटफॉर्म'चे, म्हणजे जाहिराती आणि वर्गणीतला वाटा. बॉक्स आणि टीव्ही विकण्याच्या भागात तर त्या वर्षी तोटा होता. डबा तोट्यात विकूनही कंपनीला परवडतो याचा अर्थ डबा हे दुकान आहे, आणि ते आपण आपल्या पैशाने, आपल्या हॉलमध्ये, आपल्या विजेवर चालवतो. बाबा टीव्ही लावतात तेव्हा ते आधी दुकानात शिरतात. बातम्या मागच्या खोलीत असतात.

मालकीचंही तेच. मार्च २०२५ मध्ये २०१५ सालचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एकाएकी बंद पडले. यंत्रं धडधाकट होती. आतल्या एका सर्टिफिकेटची दहा वर्षांची मुदत संपली, एवढंच. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण तोवर 'फॅक्टरी रीसेट करू नका' असं लोकांना सांगावं लागलं, कारण ज्यांनी तो प्रयोग केला त्यांचं काम अजूनच वाढलं. बाबांचा जुना टीव्ही बिघडला की ते मागचं झाकण उघडून निदान बघू तरी शकायचे. इथे उघडण्यासारखं काही नाही.

नियमही मध्येच बदलतात. १७ जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे. केबलवर जाहिराती असतात म्हणून केबल सोडणाऱ्या माझ्यासारख्या शहाण्यांचं हसं झालं ते वेगळंच.

आणि मॅच! ऑनलाईन व्हिडिओचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. नेट मध्येच मंदावलं तरी चित्र थांबू नये म्हणून बॉक्स दोन-चार तुकडे आधी गोळा करतो आणि मग दाखवायला लागतो. त्यामुळे 'लाईव्ह' मॅचसुद्धा बऱ्याचदा वीस-तीस सेकंद मागे असते. इंजिनियर म्हणून मला हे अगदी पटतं. पण शेजारी अजून केबल आहे. बाबांच्या पडद्यावर बोलर रनअप घेत असतो आणि शेजारून "गेलाऽऽऽ" अशी आरोळी येते. बाबा हल्ली मॅच बघायला शेजारीच जातात, हेही मला त्याच रविवारी कळलं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा केबलवाल्याचा एजंट झाला. बॉक्समुळे मिळालेलं खरंच पुष्कळ आहे. आईला यूट्यूबवर जुनी मराठी नाटकं सापडली, दुपारी ती नि तिच्या दोन मैत्रिणी मिळून बघतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' सुरू केलं, त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आणि चालू चॅनल दोन्ही आहेत. ठराविक वेळ गाठायची गरज नाही, मध्येच दारावर कुणी आलं तर थांबवता येतं. हे सगळं सोडून परत मागे जा असं मी म्हणत नाहीये. केबलवरही जाहिराती होत्या, आणि केबलवाल्याची दादागिरी आपण सगळ्यांनी भोगलेली आहे.

माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे. जे पुण्या-मुंबईत बसून आईबाबांच्या घराचे बिनपगारी सिस्टिम ॲडमिन झालेत त्यांच्याबद्दल.

हापिसात आपण जुनी सिस्टिम बंद करताना काय काय करतो? नवी आणि जुनी काही आठवडे शेजारी शेजारी चालवतो. रोज वापरणाऱ्या माणसाला बसवून बघतो. काही बिघडलं तर परत कसं फिरायचं ते आधी लिहून ठेवतो. हे न करता कुणी शुक्रवारी संध्याकाळी जुना सर्व्हर बंद करून घरी गेला तर सोमवारी त्याचं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. मी बाबांच्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं. चाळीस वर्षं बिनतक्रार चाललेली सिस्टिम एका फोनवर बंद केली, पंधरा मिनिटांचा डेमो दिला आणि पुण्याची गाडी पकडली. क्लायंटला जी अदब दाखवतो ती घरी दाखवायचं सुचलंच नाही. आणि क्लायंट निदान आरडाओरडा करतो. वडील टीव्ही बघायचं सोडून देतात.

मग त्या रविवारी दुपारी कामाला लागलो. आधी केबलवाल्याला फोन केला. तो संध्याकाळी येऊन तार जोडून गेला, वर "मला वाटलंच होतं" असं म्हणूनही गेला. बॉक्स ठेवला, पण त्याचं दुकान जमेल तेवढं आवरलं. बाबांच्या नावाचा प्रोफाईल केला. आपोआप सुरू होणारे ट्रेलर जिथे जिथे बंद करता येतात तिथे केले. गूगल टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲप्स' अशी एक सोय असते, ती चालू केल्यावर शिफारशींची बरीचशी गर्दी गेली. बातम्या आणि यूट्यूब पहिल्या दोन जागांवर आणले. एचडीएमआय-सीईसी चालू केलं, म्हणजे बॉक्सच्या रिमोटने टीव्हीही चालू होतो आणि बरोबर सोर्सवर जातो. अकराच्या तीन पायऱ्या झाल्या. एकूण वेळ पाऊण तास. हा पाऊण तास मला दिवाळीतही होता.

मग मी कागद घेऊन पायऱ्या लिहायला लागलो तर बाबा म्हणाले, "थांब, मी लिहितो." त्यांनी आपली डायरी आणली, रिमोटचं चित्र काढलं, बटणांना नंबर दिले, आणि वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड लिहायचे तसं एकाखाली एक लिहीत गेले. लिहिता लिहिता प्रश्न. हे बटण कशाला? ते चित्र आपोआप का लागायचं? तो चार गोलांचा काय प्रकार? मी वर लिहिलंय ते सगळं त्यांना सांगितलं. कंपनी, जागेचं भाडं, दुकान.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ते पहिल्या पानावर यायचं ते माझ्यासाठी नसायचंच?"

"नाही."

"मग हे आधी सांगायचं नाही का? मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

दिवाळीपासून इतके महिने हा माणूस असं समजत होता की आपल्याला आता टीव्हीसुद्धा लावता येत नाही. कुणाला विचारायचं, तर मुलाला. मुलगा फोनवर वैतागून म्हणणार, "बाबा, अहो सोप्पं आहे ते." (मी दोनदा म्हटलंही होतं. आठवलं.)

असो. सध्या सातच्या बातम्या केबलवर लागतात, दुपारची नाटकं बॉक्सवर. मॅच बघायला बाबा अजूनही शेजारीच जातात, पण आता ते म्हणतात की तिथे चहा चांगला मिळतो.

पुढच्या वेळी तुम्ही घरी जाल तेव्हा एक करा. रिमोट त्यांच्या हातात द्या, रोज जे बघतात ते लावायला सांगा, आणि तोंड बंद ठेवून पायऱ्या मोजा. चारच्या वर गेल्या तर दोष त्यांचा नाही. जुनं कनेक्शन अजून चालू असेल तर ते तोडायची घाई करू नका. आणि आधीच तोडलं असेल, तर केबलवाल्याचा नंबर आईकडे असतो.