सुटलेला झेल आणि न गाठलेला चेंडू

मंडळी, आज थोडं बेसबॉलविषयी. दचकू नका! नातू अमेरिकेत वाढतोय, त्यामुळे मला या वयात हा खेळ शिकावा लागला, आणि आता तो आवडायलाही लागला आहे. उडालेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत झेलला की फलंदाज बाद. जमिनीवरून आलेला चेंडू उचलून, फलंदाज पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकला तरीही बाद. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं समजेल.

क्रिकेटच्या स्कोअरबुकात क्षेत्ररक्षकाचे कष्ट दिसत नाहीत. १९७१ साली ओव्हलवर एकनाथ सोलकरने पुढे झेपावून ॲलन नॉटचा झेल घेतला, तो आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. पण कागदावर काय? 'झे. सोलकर, गो. वेंकटराघवन'. हातात अलगद येऊन पडलेला झेलही असाच लिहिला जातो. आणि सुटलेला झेल तर लिहिलाच जात नाही.

बेसबॉलमध्ये तसं नाही. तिथे फलकावर धावा आणि हिट यांच्या शेजारी तिसरा आकडा असतो, 'एरर'चा. एरर झाली की नाही हे ठरवायला एक माणूस नेमलेला असतो, त्याला 'ऑफिशियल स्कोअरर' म्हणतात. त्या स्पर्धेतल्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूला, त्या दिवशीचं मैदान आणि हवा पाहता, साध्या प्रयत्नात जे जमायला हवं होतं ते याला जमलं नाही, तर एरर. म्हणजे हा जे झालं त्याचा हिशेब नव्हे, जे व्हायला हवं होतं त्याचा हिशेब. खेळाच्या आकडेवारीचे मोठे अभ्यासक बिल जेम्स यांनी या विचित्रपणावर फार पूर्वीच बोट ठेवलं होतं.

यात एक मोठी पळवाट आहे. जो चेंडूपर्यंत पोचतच नाही, त्याच्या नावावर सहसा एरर पडत नाही. जो धावत जाऊन चेंडूला हात लावतो आणि तो सुटतो, तो मात्र सापडतो. मास्तरकीची सगळी वर्षं मी हे पाहत आलो. पेपर कोरा ठेवणाऱ्याच्या शुद्धलेखनात चुका कशा निघणार?

डेरेक जीटर हा न्यूयॉर्क यांकीजचा लाडका शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा. २००४, २००५ आणि २००६ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याला 'गोल्ड ग्लव्ह' मिळाला. हा उत्तम क्षेत्ररक्षकाचा मान तेव्हा संघांचे मॅनेजर आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवत. म्हणजे जाणकारांचेच डोळे. याच काळात, २००६ साली, जॉन ड्यूअन यांचं 'द फील्डिंग बायबल' हे पुस्तक आलं. ड्यूअन यांच्या संस्थेतली माणसं प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण पाहून एकेक चेंडू नोंदवत होती : कुठे गेला, किती जोरात गेला, उंच उडाला की सरपटत गेला. मग तशा चेंडूंवर इतर शॉर्टस्टॉप किती वेळा फलंदाज बाद करतात, याच्याशी तुलना. त्या मोजणीत जीटर पार तळाशी गेला, आणि ह्यूस्टनचा ॲडम एव्हरेट सर्वांत वर. एव्हरेटला गोल्ड ग्लव्ह कधीच मिळाला नाही.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की दोन्हीकडे माणसांचेच डोळे होते. फरक होता तो प्रश्नात. प्रशिक्षकांना विचारलं, 'सगळ्यांत चांगला कोण?' निरीक्षकांना विचारलं, 'हा एक चेंडू कुठे गेला?' पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात नाव, रुबाब, फलंदाजी, ऐटीत मारलेली उडी, सगळं मिसळतं. दुसऱ्यात मिसळायला वावच कमी.

कमी, पण अगदीच नाही असंही नाही. उंच चेंडू आणि सपाट जाणारा चेंडू यांच्या मधला एखादा आला की दोन निरीक्षक दोन गोष्टी लिहितात. शिवाय डोळ्याला निकाल आधी कळतो आणि त्यावरून तो अवघडपणा ठरवतो. क्षेत्ररक्षकाने लोळण घेऊन झेल घेतला म्हणजे झेल अवघड. शांतपणे चेंडूखाली येऊन उभा राहिला म्हणजे सोपा. अहो, पण तो फटका बसताक्षणीच निघाला म्हणून वेळेवर पोचला! उशिरा निघालेल्यालाच लोळण घ्यावी लागते. 'इनसाइड एज' नावाच्या कंपनीचे निरीक्षक प्रत्येक चेंडूला सहा खान्यांपैकी एकात टाकत, 'अशक्य'पासून 'जवळजवळ नक्की'पर्यंत. कल्पना चांगली, पण निकाल पाहून झाल्यावर खाना ठरवायचा म्हणजे वर्गातल्या साऱ्या मुलांनी सोडवलेलं गणित पाहून 'गणित सोपंच होतं' म्हणण्यासारखं आहे. कदाचित मास्तरांनी चांगलं शिकवलं असेल!

आता नातू म्हणतो, "आजोबा, हा वाद जुना झाला. आता कॅमेरे आहेत." खरं आहे. २०१५पासून मेजर लीगच्या तीसही मैदानांवर 'स्टॅटकास्ट' यंत्रणा आहे, आणि २०२०पासून तीत 'हॉक-आय'चे कॅमेरे आहेत. बाहेरच्या मैदानातल्या झेलासाठी ती चार गोष्टी धरते : किती अंतर धावायचं होतं, वेळ किती होता, दिशा कोणती, आणि भिंत आडवी येत होती का. त्यावरून असा झेल शंभरात किती वेळा घेतला जातो ते निघतं. शांतपणे चेंडूखाली उभ्या राहणाऱ्याला यात प्रथमच न्याय मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही निरीक्षकाला घरी पाठवावं, असं मला वाटत नाही. चेंडू नेमका उन्हात हरवला, शेजारचा खेळाडू अंगावर येतोय म्हणून हा थबकला, काल पावसाने मैदान निसरडं झालं होतं, या गोष्टी त्या चारांत बसत नाहीत. आणि शाळेच्या मैदानावर बारा कॅमेरे कोण बसवणार? तिथे मुलाला पारखणारे डोळेच आहेत, आणि त्याचं पुढे काय होणार हे त्या डोळ्यांवरच ठरतं.

म्हणून डोळा टाकून देण्यापेक्षा त्याला शिस्त लावावी. टॉम टँगो या अभ्यासकाने २००३पासून सामान्य प्रेक्षकांकडून क्षेत्ररक्षकांना गुण मागवायला सुरुवात केली, ती पद्धत मला फार आवडली. आकडे विसरा, ज्याला पुष्कळ वेळा पाहिलंय त्याच्याबद्दलच बोला, आणि चेंडूचा अंदाज, पहिलं पाऊल, वेग, हात, फेक असे वेगवेगळे गुण द्या. एकाच्या डोळ्यातलं कुसळ शंभरांच्या सरासरीत पुष्कळसं निघून जातं. आम्ही निबंध तपासताना विचार, भाषा आणि मांडणी यांचे गुण वेगळे देत असू, ते याचसाठी. 'एकंदरीत बरा' असा शेरा मारला की सुंदर अक्षराचा मुलगा नेहमी पुढे जातो.

माझ्या मते निरीक्षकाला आणखी एक नियम घालावा. चित्रीकरण चेंडू हातात पडायच्या आधी थांबवायचं, आणि तेव्हाच विचारायचं, 'सांगा, किती अवघड?' मग निकाल दाखवायचा. खर्च काहीच नाही, आणि न गाजावाजा करता काम करणाऱ्या कितीतरी खेळाडूंचं भलं होईल.

असो. तुमच्यापैकी जे तिकडे आहेत, त्यांनी पुढच्या वेळी मैदानावर गेल्यावर एवढं करून बघा. फटका बसला की चेंडूकडे पाहू नका, क्षेत्ररक्षकाच्या पायांकडे पाहा. कोण आधी निघतो ते मला कळवा.