किडनीचा इशारा थेंबभर लघवीत. पट्टी सालवडला कधी?

किडनीचा आजार सुरुवातीला दुखत नाही. पाय सुजेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. लघवीत मात्र अल्ब्युमिन हे प्रथिन आधीच झिरपू लागतं.

ते मोजायचं कसं? ग्लुकोमीटरसारख्या पट्टीवर इलेक्ट्रोड छापलेले असतात. थेंब पडताच रासायनिक क्रियेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो, त्यावरून यंत्र आकडा दाखवतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून उभ्या राहिलेल्या 'पाथशोध' कंपनीने असं हातात मावणारं यंत्र बनवलं आहे.

अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेलं, तर सावध व्हा. पण ताप किंवा अतिश्रमानेही ते वाढतं. ३ महिने टिकलं तरच डॉक्टर दीर्घकालीन आजार मानतात. म्हणजे पट्टी इशारा देते, निदान नाही.

तारापूर एमआयडीसीलगतच्या सालवडमधल्या रोजंदारी कामगाराला साध्या तपासणीसाठीही खाडा करावा लागतो. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहेच. त्यातच ही चाचणी जोडावी. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांची आधी. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करण्याची वेळ आली, तर रोजगारच बुडतो.